टेप बसवला, खरं धारवाड लागेना

सुरुवातीलाच सांगून टाकतो: आमच्या बेळगावात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. तेव्हा वरची ओळ वाचून कुणी बुचकळ्यात पडू नये. आणि गाडीत जे काही गाणी वाजवतं त्याला आमचे बाबा अजून ‘टेप’च म्हणतात, आत कॅसेट जावो, सीडी जावो, नाहीतर काहीच न जावो.

गाडी २००९ची वॅगनार, सेकंड हँड घेतलेली. तिला एक दुखणं होतं. चार दिवस जागेवर उभी राहिली की पाचव्या दिवशी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. २०१९च्या ऑगस्टात पावसानं आणि पुरानं बेळगाव जिल्ह्यात काय केलं ते इकडच्या कुणाला सांगायला नको. त्या पंधरवड्यात गाडी दारातून हलली नाही आणि बॅटरी पार झोपली. गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली, बदलली. दसऱ्याच्या सुमारास परत ‘टक्’. मग तो म्हणाला, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर खोलूया. तेव्हा मात्र मी गाडी ढकलस्टार्ट करून घरी आणली.

त्यात टेपही बिघडलेला. आत अभंगांची एक सीडी अडकून बसली होती, ती वाजतही नव्हती आणि बाहेरही येत नव्हती. मागचा डावा स्पीकर तर गाडी घेतल्यापासून मुकाच. नवा टेप घ्यायचा हे घरात ठरलं. बसवून देणारा पाचशे रुपये आणि एक तास म्हणाला. रेट वाजवी होता, खरं आधीच्या कुणीतरी असाच एका तासात बसवलेला टेप मी टॉर्च मारून खालून वाकून बघितला होता. वायरींचा तो गुंता बघितल्यावर पुन्हा कुणाला एक तास द्यायची इच्छा राहिली नाही. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर काम करतो. माप घेतल्याशिवाय कट मारायचा नाही, एवढी एक सवय अंगात मुरलेली आहे.

बाबांची अट एकच. “त्यात मिडियम वेव्ह पाहिजे. धारवाड लागलं पाहिजे.”

बाबांचं सगळं आयुष्य वडगावात मागावर गेलं. मागाच्या खटक्यात ऐकू येईल एवढ्या मोठ्या आवाजात रेडिओ, आणि रेडिओवर धारवाड. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० सालचं, म्हणजे बाबांपेक्षा थोडंसंच मोठं. मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते, हे बाबा घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगतात. बाबांना कन्नड वाचता येत नाही. ऐकायला मात्र सगळं येतं. बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बसवण्णांसारख्या संतांची वचनं, सगळं. सीमाप्रश्नावर ते तावातावानं बोलतील आणि त्याच तोंडानं म्हणतील, “साडेसात वाजले काय बघ, धारवाड लाव.”

तर ऑनलाइन शोधायला बसलो. स्वस्तातल्या टेपांत ब्लूटूथ असतं, पेन ड्राइव्ह लागतो, लायटिंगचे सात रंग असतात, आणि मिडियम वेव्ह नसते. नुसतं एफएम. तीन-चार रात्री घालवून ३,४०० रुपयांत एक मिळाला, ज्याच्या माहितीत एएम, म्हणजेच मिडियम वेव्हसुद्धा लिहिलेली होती. सिंगल डिन, म्हणजे समोरून १८० बाय ५० मिलीमीटर. जुन्या गाड्यांतल्या त्या आडव्या भोकात बसणारा. खोक्यावर ठळक अक्षरात ‘५० वॉट × ४’. मी टेप उलटा करून बघितला तर मागे दहा अँपिअरचा फ्यूज. गाडी चालू असताना व्होल्टेज फार तर चौदा. दहा गुणिले चौदा, एकशेचाळीस. मग दोनशे वॉट कुठनं येणार? खरे वाजणारे वॉट एका स्पीकरला वीसच्या आसपास असतात. तेवढे पुष्कळ होतात. वॅगनार म्हणजे काही गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॉली नव्हे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी गाडी दारात लावली. टेप काढण्याआधी एक माप घ्यायचं होतं. बॅटरी कोण खातंय ते.

बॉनेट उघडून दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सैल केली. मल्टिमीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घातली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं काढलेल्या क्लॅम्पला. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाणार. या अवस्थेत चावी चुकूनही फिरवायची नाही, स्टार्टरचा करंट मीटरला झेपत नाही. म्हणून चावी बायकोच्या हातात देऊन तिला घरात पाठवली. दारं बंद, दिवा बंद, चावी नाही. पाच मिनिटांनी आकडा स्थिर झाला: ०.२१. म्हणजे गाडी गाढ झोपलेली असताना २१० मिलिअँपिअर जात होते. पन्नासच्या आत असेल तर ठीक म्हणतात.

मग टेपच्या मागचा फ्यूज उपटला. आकडा ०.०२ वर आला.

हिशेब सोपा होता. ०.२१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला पाच अँपिअर-तास. बॅटरी ३५ची. चार दिवसांत वीस गेले, उरलेल्यात सेल्फ कसा फिरणार? नवी बॅटरी उगाचच घेतली होती आणि अल्टरनेटर बिचारा उगाचच खोलला जाणार होता.

टेप बाहेर ओढल्यावर कारण समोरच होतं. टेपला दोन करंट लागतात. पिवळ्या वायरीला डायरेक्ट करंट, जो चावी नसतानाही चालू असतो. त्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण टिकते, आणि आवाजाची खरी ताकदही तिथूनच येते. लाल वायरीला चावीवरचा करंट. ती टेपला फक्त सांगते की मालक आलाय, ऊठ. आधीच्या फिटरनं लाल आणि पिवळी पिळून एकत्र डायरेक्टवर टाकली होती. टेपला वाटायचं मालक कायम गाडीतच आहे. वर बटण बंद केलं तरी आत तो अर्धवट जागाच.

तेवढ्यात समोरचे काका दात घासत आले. ते गल्लीतल्या प्रत्येक उघड्या बॉनेटला हजर असतात.

“काय करायलास गा?”

मी त्यांना पिळलेल्या वायरी दाखवल्या.

“लाल-पिवळा?” काका एकदम गंभीर झाले. कन्नड झेंड्याचे तेच रंग. “सोडव, सोडव. बेळगावात लाल-पिवळ्यावरनंच सगळी भांडणं. तुझी बॅटरी तरी कशी टिकंल?”

आणि फेस थुंकायला निघून गेले.

इथं एक सांगून ठेवतो. तुमच्या गाडीतला कंपनीचा कपलर जर शाबूत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. त्या मॉडेलचा तयार कपलर दुकानात मिळतो. एका बाजूला गाडीचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला टेपच्या वायरी. रंगाला रंग जोडायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्या गाडीत कंपनीचा कपलर कुणीतरी कापून फेकून दिलेला. उरल्या होत्या त्या नुसत्या वायरी, त्यांना मधेमधे भलत्याच रंगाचे तुकडे जोडलेले, आणि वरून इन्शुलेशन टेप. उन्हाळ्यात तापून तापून त्या टेपचा गोंद काकवीसारखा झाला होता. हाताला लागला तो संध्याकाळी खोबरेल तेलानं निघाला.

म्हणजे रंगावर विश्वास ठेवायची सोयच नव्हती. प्रत्येक वायर मोजायची. सगळ्या वायरींची टोकं एकमेकांपासून लांब, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून ओवली, भोकांना नंबर दिले. मग बॅटरी परत जोडली, मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवला, काळी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला. तीन नंबरवर चावी नसतानाही १२.४. हा डायरेक्ट. सात नंबरवर काही नाही, चावी पहिल्या खटक्यावर आणली की १२.३, हा चावीवरचा. पाच नंबरवर हेडलाइटचा खटका दाबल्यावर करंट यायचा, ती टेपचा उजेड रात्री मंद करणारी वायर. माझ्या नव्या टेपात तिला जोडच नव्हता, म्हणून तिचं तोंड बंद करून बाजूला ठेवली.

अर्थची वायर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत नेणारी, मीटर ओहमवर ठेवून शोधायची. जी सापडली तिचा आकडा कधी दोन, कधी चौदा, हात लावला की बदलायचा. मागोवा घेतला तर ती रंग दिलेल्या एका पट्टीला स्क्रूखाली चेपलेली. रंगावर अर्थ म्हणजे जेवणाच्या पानावर प्लॅस्टिक. हीच वायर पुढं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये ‘कुंईऽऽ’ असा आवाज आणते. ती सोडून दिली. डॅशबोर्डखाली बॉडीचा एक बोल्ट बघून त्याच्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत खरवडला आणि नवी काळी वायर टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून त्याखाली आवळली. आकडा ०.२, हलवला तरी ०.२.

इतकं सगळं नीट चाललं होतं आणि मग मी शहाणपणा केला. पुठ्ठा अडचण करतोय म्हणून थोडा सरकवला. तीन नंबरचं उघडं टोक भोकातून निसटून पत्र्याला लागलं. निळसर ठिणगी, ‘चट्’ असा आवाज, आणि आतला दिवा गेला. बॅटरी लावून मोजायचं हे बरोबर, खरं ज्या वायरीचं माप झालं तिच्या तोंडाला लगेच इन्शुलेशन टेप लावायची असते, ती मी लावली नव्हती. त्या दिवशीची एवढी एकच चूक माझी स्वतःची. बाकीच्या सगळ्या वारसाहक्कानं आलेल्या.

फ्यूज बॉक्स उघडला. टेप आणि आतला दिवा एकाच फ्यूजवर होते. झाकणावर त्या जागेला १५ लिहिलेलं आणि आतून निघाला तो हिरवा, म्हणजे तीसचा. कधीतरी फ्यूज उडला असेल, हाताशी असेल तो घुसवला असेल. फ्यूज टेपला वाचवायला असतो असं लोकांना वाटतं. तो वायरीला वाचवायला असतो. पंधराच्या वायरीवर तीसचा फ्यूज लावला की आधी वायर जळते आणि मग सावकाश फ्यूज.

रविवार असल्यामुळे अर्धी दुकानं बंद. एका स्पेअर पार्टवाल्याचं शटर अर्ध उघडं दिसलं.

“याव गाडी री?” आतून आवाज आला.

“वॅगनार. पंधराचे फ्यूज द्या, चार.”

“निळे,” तो म्हणाला, आणि चार निळे फ्यूज कागदात बांधून दिले. तो कन्नडमध्ये विचारणार, आपण मराठीत सांगणार, पैसे दोघांच्याही भाषेतले; आमच्याकडं यात कुणाला काही वाटत नाही. चार घेतले कारण एकच घेतला असता तर परत यावं लागलं असतं, असं माझं मन मला सांगत होतं. दुसरा उडला नाही. तीन अजून डिक्कीत आहेत.

आता स्पीकर. ही खरी मजा.

चार स्पीकर, प्रत्येकाला दोन वायरी, म्हणजे आठ. मी मोजल्या तर सात. परत मोजल्या, सातच. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. दोन वायरी घ्यायच्या, सेलच्या टोकांना क्षणभर टेकवायच्या. त्या एकाच स्पीकरच्या असल्या तर कुठूनतरी ‘खट्’ येतं. बायको मागच्या सीटवर बसून सांगत होती, “पुढचा उजवा. पुढचा डावा. मागचा उजवा.” प्लस-मायनसही यातच कळतं. सेलचं प्लस ज्या वायरीला लावलं असता स्पीकरचा कागद बाहेर फुगतो ती प्लस. तिनं स्पीकरची जाळी काढून कागदावर बोट हलकेच ठेवलं होतं. “बाहेर आला… आत गेला.” मागच्या उजव्याची जोडणी उलटी निघाली. असा एक स्पीकर बाहेर ढकलत असताना दुसरा आत ओढत असला की आवाज येतो, पण खालचा घुमारा एकमेकांत विरून जातो. ढोलकी वाजते आणि तिची धुमच ऐकू येत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की वॅगनारचे स्पीकरच तसे.

सातवी वायर एकटी. मागच्या डाव्याची.

डिक्की उघडून ट्रे उचलला. डाव्या स्पीकरच्या मायनसला वीतभर वायर, आणि तिचं दुसरं टोक सरळ बॉडीला स्क्रूनं ठोकलेलं. पुढून मागपर्यंत दोन पदरी वायर नेण्याऐवजी एक पदर वाचवलेला. फार जुन्या टेपांना असं चालायचं. आताच्या टेपात चालत नाही, आणि ते का हे मला मीटरनंच दाखवलं. नवा टेप टेबलावर सुट्ट्या बारा व्होल्टवर लावून स्पीकरच्या वायरी मोजल्या: प्लसवर अर्थच्या मानानं सहा व्होल्ट, मायनसवरही सहा. दोन्ही सारख्या उंचीवर, म्हणून स्पीकरला त्यातलं काहीच जाणवत नाही; गाणं चालू झालं की एक वर जाते, दुसरी खाली येते, आणि तेवढ्यावर कागद हलतो. म्हणजे ‘मायनस’ हे नुसतं नावाला. ती अर्थ नव्हेच. तिला बॉडीवर टाकलं की स्पीकरला एका बाजूनं सहा आणि दुसऱ्या बाजूनं शून्य. चार ओहमच्या कॉइलमधून दीड अँपिअर सतत, गाणं असो-नसो. नऊ वॉटची शेगडीच ती. मुक्या स्पीकरवर मीटर लावला तर काहीच दाखवेना. कॉइल भाजून तुटलेली. कागदाला नाक लावलं तर अजून करपट वास होता.

मागचे स्पीकर जोडीनंच मिळतात, सोमवारी कामावरून येताना घेतले. आणि दोन पदरी वायर पाच मीटर. डाव्या बाजूच्या दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या खटाखट उचलल्या, त्याखालून वायर नेली, परत दाबल्या. यात धाकट्या मुलाचं हरवलेलं कंपासचं झाकण, दोन रुपयांची तीन नाणी आणि शेंगदाण्याची टरफलं सापडली. मग सगळ्या स्पीकर वायरी एकेक करून बॉडीशी मोजल्या. मीटरचा बीप म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला टेकलेली. एकही बीप नको, आणि एकही झाला नाही. नव्या स्पीकरवर ३.६ ओहम. डब्यावर चार लिहिलेलं असलं तरी मीटरवर थोडं कमीच येतं, घाबरायचं नाही.

जोडणी मंगळवारी रात्री. नव्या टेपच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, ज्यावर काळी रेघ ती मायनस. निळी वायर अँटेना किंवा वेगळ्या अँप्लिफायरला जागं करण्यासाठी. माझी छतावरची साधी काडी, तिला काही नको. निळीतून करंट बाहेर येतो, म्हणून तिचं तोंड झाकून ठेवलं. ती उघडी लोंबत ठेवणारे लोक मी पाहिलेत.

वायरी पिळून इन्शुलेशन टेप लावणं मला मान्य नव्हतं. सोल्डर करायचं, त्यावर स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची असते आणि जोड झाल्यावर सरकवून तापवायची असते. मी पहिला जोड चकाचक केला, फुंकर मारली, आणि बघतो तर स्लीव्ह टेबलावर. बायको टॉर्च धरून उभी होती. काही बोलली नाही, फक्त टॉर्चचा झोत हळूच स्लीव्हवर नेला. पुढच्या अकरा जोडांना ती आधी स्लीव्ह हातात देत होती. सहाव्या जोडाला लाईट गेली, सोल्डरिंग आयर्न गार झालं, आम्ही दोघं गाडीत बसून चिवडा खाल्ला. चकलीचं पीठ मळायचं राहिलंय असं ती म्हणाली. लाईट आल्यावर पुन्हा.

बसवण्यात फार सांगण्यासारखं नाही. पत्र्याची चौकट भोकात सरकवून तिचे कान स्क्रू ड्रायव्हरनं वाकवायचे, टेप आत ढकलायचा, ‘कट्ट’ झालं की बसला. माझा शेवटचा बोटभर आत जाईना, कारण मागे वायरींचा गठ्ठा. तो खाली एसीच्या नळीशेजारी वळवला आणि जुन्या गादीचा स्पंज गुंडाळला, नाहीतर राकसकोपच्या रस्त्यावर खडखड ऐकत बसायला लागतं.

बॅटरी जोडली, चावी लावली. उजेड आला, मुलानं लगेच फोन जोडला आणि त्याचं ते धडाधडा गाणं लागलं. चारही बाजूंनी. ढोलकीची धुमसुद्धा. झोपलेल्या गाडीचा करंट परत मोजला: ०.०२. मी हवेत होतो.

बाबा येऊन शेजारच्या सीटवर बसले. “धारवाड लाव.”

धारवाड म्हणजे ७६५ किलोहर्ट्झ. बटण फिरवलं: ७५०, ७६०, ७७०. परत उलटं. ७७०, ७६०. दोन्हीवर पलीकडे कुणीतरी बोलतंय असं घोंगावणं, वर शिट्टी. ७६५ हा आकडाच येईना.

“अँटेना लावलास न्हवं?”

लावली होती. तरी परत टेप बाहेर ओढून प्लग काढला, घासला, लावला. तेच. मोठ्या काडीची अँटेना मागवू का, छताचा नट गंजलाय का, नव्या अर्थचं काही चुकलंय का. दोन संध्याकाळी यात गेल्या. बाबा काही बोलत नव्हते आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. ते आपले रोज सात वाजता येऊन बसायचे, घोंगावणं ऐकायचे, आणि “आज हवा बरी नाही वाटतं” म्हणून उठायचे.

उलगडा झाला तो मुलामुळे. त्याच्या शाळेतल्या कुठल्या पोरीचा आवाज वेणुध्वनीवर येणार होता, आमच्या केएलई शिक्षणसंस्थेचं कम्युनिटी रेडिओ, ९०.४. एवढं शहरातलंच स्टेशन, तेही फाटलेलं. मुलगा म्हणाला, “पप्पा, ह्यात ९०.४ येतच नाही. ९०.३ नंतर ९०.५.”

मी बटण फिरवत बसलो. ९०.५, ९०.७, ९०.९. सगळे विषम. एफएम दोन-दोननं उड्या मारत होतं, आणि मिडियम वेव्ह दहा-दहानं. मशीनवर स्टेप चुकीची पडली की सगळी भोकं थोडी थोडी सरकतात, तसं. टेपला दोष नव्हता, अँटेनाला नव्हता, माझ्या सोल्डरला तर नव्हताच. हा टेप स्वतःला अमेरिकेत समजत होता. तिकडं मिडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडं नऊ-नऊच्या. ५३१पासून नऊ-नऊ मिळवत गेलं की ७६५ बरोबर येतो. नवाचा पाढा वाढवला तर नऊ पंचाऐंशी सातशेपासष्ट. दहाच्या पाढ्यात ते गाव नाहीच.

मेनूचं बटण दाबून धरलं. बास, ट्रेबल, घड्याळ, बीपचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी ‘एरिया’: यूएसए. फिरवून आशिया केलं. टेपनं एकदा डोळे मिटल्यासारखं केलं, मुलानं लावलेली सगळी स्टेशनं पुसली गेली, आणि एएमवर ५३१ उभं राहिलं. तिथून पुढं ५४०, ५४९… बाबा आकडे तोंडानं म्हणत होते. ७५६. ७६५.

धारवाड. एकदम स्वच्छ, बाई कन्नडमध्ये बाजारभाव वाचत होती. बाबांनी मान डोलावली, जणू भैरवी चालू आहे.

मी आवाज वाढवला, तेवढ्यात खरखर सुरू झाली. बायकोनं मागून लायटरच्या भोकात फोनचा चार्जर खुपसला होता. काढला की साफ, लावला की खरखर. हे स्वस्तातले चार्जर आत इतक्या वेगानं करंट चालू-बंद करतात की मिडियम वेव्हवर त्यांचंच एक स्टेशन चालतं. चांगल्या कंपनीचा चार्जर घेऊन बघितला, खरखर कमी झाली, गेली नाही.

जुना टेप फोडून ती सीडी बाहेर काढली. ओरखडे पडलेत. नव्या टेपात सीडीची फटच नाही, म्हणून ती परसातल्या पेरूला टांगली आहे, पोपट येऊ नयेत म्हणून. पोपट येतात.

गाडी आता आठवडा उभी राहिली तरी पहिल्या चावीत सुरू होते. खरं ती सलग आठवडा उभी राहते कुठं? रोज संध्याकाळी बाबा चावी मागून घेतात, दारातच गाडीचा डावा दरवाजा उघडा टाकून बसतात, आणि धारवाड लावतात. घरात रेडिओ आहे. त्यावर एलईडी बल्बांची आणि टीव्हीच्या खोक्याची एवढी खरखर येते की बातम्या कळत नाहीत. परवा बायको फोन घेऊन गाडीशी गेली. पाच टक्के उरले होते.

“मामंजी, दहा मिनिटं चार्जर लावू काय?”

“घरात लाव की,” बाबा आवाज कमी न करता म्हणाले. “घरात कुठं धारवाड लागतंय?”